कॉलेजचा टॅकल एनएफएलमध्ये कुठे खेळेल? लाइनमनची जागा ओळखण्याची रीत

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग. तिचे संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात तो ड्राफ्ट. एप्रिलमध्ये ड्राफ्टच्या रात्री लेफ्ट टॅकल म्हणून नाव पुकारलं जातं आणि सप्टेंबरात तोच खेळाडू गार्डच्या जागी उभा दिसतो. कधी तो उजव्या टोकाला असतो, कधी थेट सेंटरला. झॅक मार्टिन नोटर डेम विद्यापीठाचा लेफ्ट टॅकल होता. २०१४ मध्ये डॅलस काउबॉइजने त्याला १६व्या क्रमांकावर घेतलं, राइट गार्डला खेळवलं आणि तो त्याच्या पिढीतला सर्वोत्तम गार्ड ठरला. अ‍ॅलेक्स लेदरवुड हा अलाबामाचा लेफ्ट टॅकल. २०२१ मध्ये रेडर्सने त्याला १७व्या क्रमांकावर घेतलं, राइट टॅकलला उभं केलं, काही सामन्यांतच गार्डला हलवलं आणि दुसरा हंगाम सुरू होण्याआधीच संघातून मोकळं केलं. निवड जवळपास सारख्याच क्रमांकावर झाली, जागा दोघांचीही बदलली, पण एकाचं सोनं झालं आणि दुसऱ्याची कारकीर्द सुरू होतानाच घसरली.

हा फरक आधी ओळखता येतो का? पूर्णपणे नाही, पण बराचसा येतो. ड्राफ्ट मनापासून पाहणाऱ्या आणि आपल्या संघाने घेतलेला लाइनमन नक्की कुठे बसेल हे स्वतः ताडून पाहायची इच्छा असणाऱ्यांसाठी ही रीत लिहितो आहे. अमेरिकेत शाळा-कॉलेजात खेळणारा मुलगा घरात असेल, तर त्यालाही यातलं बरंच कामाला येईल. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. चर्चा सगळी हातांच्या लांबीची होते, पण निकाल लावतात पाय, आणि त्या खेळाडूच्या शेजारी मदतीला कोण उभं आहे ही गोष्ट.

नव्या वाचकांसाठी एवढंच : ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणजे चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या फळीत, पाच जण, तेच लाइनमन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, दोन्ही टोकांना टॅकल. क्वार्टरबॅक म्हणजे त्यांच्या मागे उभा राहून चेंडू फेकणारा. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकताना डावीकडे पाठ करतो, म्हणून लेफ्ट टॅकलला इतका मान.

पहिली पायरी : खेळाडूचा मागचा हिशेब काढा

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तो कुठे खेळला एवढ्यावर थांबू नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूची वर्षवार माहिती असते. त्यात पहिल्या-दुसऱ्या वर्षी कुठे सुरुवात केली ते पाहा. ग्रॅहम बार्टन ड्यूक विद्यापीठात तीन वर्षं लेफ्ट टॅकल होता, पण २०२० मध्ये, पहिल्याच वर्षी, त्याने सेंटरला सामने खेळले होते. टँपा बे बकनिअर्सने २०२४ मध्ये त्याला २६व्या क्रमांकावर घेतलं ते सेंटर करण्यासाठीच, आणि पहिल्या हंगामापासून तो तिथे खेळला. रशॉन स्लेटरचंही तसंच. नॉर्थवेस्टर्नला तो आधी दोन वर्षं उजवीकडे होता आणि २०१९ मध्ये डावीकडे आला. दोन्ही बाजूंची सवय असलेला खेळाडू संघाला स्वस्तात पडतो, कारण शिकवण्याचा वेळ वाचतो.

पण याला फार मोठं वजन देऊ नका. लेदरवुडसुद्धा अलाबामात २०१८ मध्ये गार्ड खेळला होता. जुना अनुभव दार उघडतो, आत टिकवत नाही.

दुसरी पायरी : माप बघा, पण मापाला शरण जाऊ नका

इंडियानापोलिसला दरवर्षी कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची मापं आणि चाचण्या, होतं. तिथे खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात मोजतात. टॅकलसाठी ३४ इंच हा पूर्वापार चालत आलेला पल्ला. त्यामागचं कारण खरं आहे. टोकाला उभ्या असलेल्या टॅकलच्या बाहेर मोकळी जागा असते, तिथून क्वार्टरबॅककडे धावत येणारा बचावपटू म्हणजे पास रशर. त्याच्याशी भिडताना आधी हात कोणाचा लागतो यावर झटापट ठरते. हात आखूड असला की रशर छातीवर पोचतो आणि टॅकलला पाय सावरायला वेळ मिळत नाही.

आता प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. पीटर स्कोरॉन्स्कीचा हात ३२.२५ इंच भरला. टेनेसी टायटन्सने २०२३ मध्ये त्याला ११व्या क्रमांकावर घेऊन लेफ्ट गार्डला बसवलं. हा सरळ, अपेक्षित निर्णय. स्लेटरचा हात ३३ इंच. तोही त्याच नॉर्थवेस्टर्नचा, त्याच्याबद्दलही ‘गार्ड होईल’ असंच बोललं जात होतं. चार्जर्सने २०२१ मध्ये त्याला १३व्या क्रमांकावर घेऊन लेफ्ट टॅकललाच ठेवलं आणि पहिल्याच वर्षी तो ‘प्रो बोल’च्या मानाच्या संघात निवडला गेला. जो थॉमसचा हात ३२.५ इंच. क्लीव्हलँडसाठी त्याने लेफ्ट टॅकलला सलग १०,३६३ स्नॅप (सेंटरने चेंडू मागे दिला की सुरू होणाऱ्या चाली) खेळले आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

मापही दगडावरची रेघ नसते. विल कॅम्पबेलचा हात इंडियानापोलिसला ३२.६२५ इंच भरला आणि त्याच्या एलएसयू विद्यापीठातल्या चाचणीच्या दिवशी, प्रो डेला, ३३ इंच. न्यू इंग्लंडने २०२५ मध्ये त्याला ४थ्या क्रमांकावर घेऊन लेफ्ट टॅकललाच खेळवलं.

म्हणून आकड्यांचा उपयोग असा करा : ३४ आणि वर असेल तर हा प्रश्न मिटला, पुढे चला. ३३ ते ३४ असेल तर उत्तर पायांत शोधा. ३३च्या खाली असेल तर त्याने टॅकलला राहण्यासाठी पाय असामान्यच हवेत, आणि ते खरंच तसे आहेत का हे पुढच्या पायरीत बारकाईने तपासा.

तिसरी पायरी : पाय

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. त्या खेळाडूचे तगड्या संघांविरुद्धचे दोन-तीन सामने निवडा. स्लेटरच्या बाबतीत हा सामना होता २०१९चा ओहायो स्टेटविरुद्धचा, समोर रशर चेस यंग, जो पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला. दुबळ्या संघाविरुद्धचे सामने पाहून काहीही कळत नाही.

सामना सगळा पाहू नका. तिसरा डाउन (दहा यार्ड जाण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), सात किंवा अधिक यार्ड बाकी, असे प्रसंग तेवढे काढा, कारण तेव्हा पास येणार हे सगळ्यांना माहीत असतं आणि रशर जीव तोडून धावतो. चेंडू अजिबात पाहायचा नाही. स्नॅपच्या क्षणी चित्र थांबवा, मग हळूहळू पुढे सरकवा.

लेफ्ट टॅकलचा डावा, म्हणजे बाहेरचा पाय मागे जायला हवा. उजवा, आतला पाय पुढे राहतो आणि जमिनीशी घट्ट असतो. बाहेरचा पाय मागे सरकतो, आतला मागोमाग ओढला जातो, आणि दोन्ही पायांत अंतर कायम राहतं. याला किक-स्लाइड म्हणतात. तीन पावलं मोजा. तिसऱ्या पावलाला कंबर अजून समोर आहे की बाहेर वळली आहे? कंबर लवकर वळली तर रशरसाठी आतली वाट मोकळी झाली. पाय एकमेकांना चिकटले तर पुढच्या धक्क्याला तो मागे जाणार. आणि सर्वांत महत्त्वाचं, डोकं पुढे झुकतंय का? पाय कमी पडले की लाइनमन कमरेतून वाकून हाताने पोचायला बघतो. ही खूण टीव्हीच्या साध्या चित्रातही दिसते.

तो हरतो तेव्हा कसा हरतो याची वही करा. तीन रकाने पुरेत : बाहेरून, आतून, सरळ मागे ढकलला जाऊन.

बाहेरून वारंवार हरत असेल, तर वेग कमी पडतोय, आणि अशा खेळाडूला आत गार्डला न्यावं. तिथे दोन्ही बाजूंना माणसं असतात, मोकळ्या जागेत धावायचं नसतं. आतून हरत असेल, तर बहुतेकदा ती पाऊल टाकण्याची चूक असते. बाहेरच्या वेगाला घाबरून तो जास्तच बाहेर जातो. हे शिकवून सुधारतं, त्यासाठी जागा बदलायची गरज नाही. पण सरळ मागे ढकलला जात असेल, तर त्याला आत नेणं हा उपायच नाही. गार्डसमोर प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीतला, तीनशे पौंडांहून जड डिफेन्सिव्ह टॅकल अर्ध्या यार्डावर उभा असतो. टोकाला मागे ढकलला जाणारा माणूस आत गेला तर क्वार्टरबॅकच्या थेट तोंडासमोर ढकलला जातो. ‘टॅकलला जमलं नाही, गार्ड करा’ असं सरसकट म्हणणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो, आणि मला हे मनापासून खटकतं. गार्ड ही टॅकलमध्ये नापास झालेल्यांची जागा नाही. तिथे वेगळं बळ लागतं.

चौथी पायरी : डावं-उजवं सोपं समजू नका

टॅकलचा टॅकलच राहिला, फक्त बाजू बदलली, तर त्यात काय मोठं, असं वाटतं. खेळणाऱ्यांना विचारलं तर उत्तर उलटं मिळतं. डावीकडे वर्षानुवर्षं डावा पाय मागे टाकणाऱ्याला आता उजवा टाकायचा असतो, ज्या हाताने पहिला धक्का द्यायचा तोही बदलतो, उभं राहण्याची ढबही. उजव्या हाताने जेवणाऱ्याला भर पंगतीत डाव्या हाताने जेवायला लावण्यासारखंच हे, आणि वाढणारा समोर थांबलेला.

पेनेई सूअल ओरेगॉनला लेफ्ट टॅकल होता, कॉलेजच्या लाइनमनना मिळणाऱ्या आउटलँड पुरस्काराचा २०१९चा विजेता. डेट्रॉइट लायन्सने २०२१ मध्ये ७व्या क्रमांकावर घेऊन उजवीकडे नेला. सरावसामन्यांत तो चाचपडत होता. मग नेहमीचा लेफ्ट टॅकल टेलर डेकर जखमी झाल्यामुळे हंगामाची सुरुवात त्याने पुन्हा डावीकडूनच केली. डेकर परतल्यावर तो उजवीकडे स्थिरावला आणि २०२३ व २०२४ मध्ये ऑल-प्रोच्या, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात गेला. आंद्रे डिलार्डला हे साधलं नाही. ईगल्सने २०१९ मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला हा लेफ्ट टॅकल सीहॉक्सविरुद्ध उजवीकडे उभा राहिला आणि मध्यंतराला बाहेर बसला.

जेसी लेथम अलाबामाचा राइट टॅकल. टायटन्सने २०२४ मध्ये त्याला डावीकडे नेलं आणि पुढच्याच वर्षी परत उजवीकडे आणलं. ट्रिस्टन वर्फ्स मात्र आयोवात बहुतेक उजवीकडे खेळलेला, २०२३ मध्ये टँपा बेने त्याला डावीकडे हलवलं. २०२१ मध्ये उजवीकडे आणि २०२४ मध्ये डावीकडे, दोन्ही जागांवर तो ऑल-प्रोच्या पहिल्या संघात निवडला गेला. असे विरळाच.

इथे एक गोष्ट तपासायला विसरू नका : कॉलेजचा क्वार्टरबॅक कोणत्या हाताने फेकायचा? वॉशिंग्टन विद्यापीठात मायकल पेनिक्स डावखुरा होता. म्हणजे तिथे पाठीमागची बाजू राखायचा तो राइट टॅकल रॉजर रोझनगार्टन, लेफ्ट टॅकल ट्रॉय फौटानू नव्हे. २०२४ मध्ये स्टीलर्सने फौटानूला घेऊन उजवीकडे नेलं. नुसत्या ‘लेफ्ट टॅकल’ या शब्दावरून त्याने काय काम केलं ते कळत नाही.

आणि उजवी बाजू दुय्यम आहे हा समज आता सोडून द्या. सुपर बोल ५० मध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, डेन्व्हरचा रशर व्हॉन मिलर याने कॅरोलायनाच्या राइट टॅकलला पुरतं नामोहरम केलं आणि सामन्याचा मानकरी ठरला. रशर आता दोन्ही बाजूंनी येतात.

पाचवी पायरी : आत सरकताना काय बदलतं

टॅकलला रशर येताना दिसतो. गार्डला तो दिसेपर्यंत अंगावर असतो. म्हणून गार्डच्या बाबतीत पहिल्या अर्ध्या सेकंदातले हात पाहा, नंतरचे पाय. बचावातले दोघे एकमेकांच्या मागून जागा बदलतात तेव्हा तो आपला माणूस शेजाऱ्याला देऊन नवा घेतो का? कॉलेजात टॅकल खेळतानाही अशी वेळ येते, ती शोधा. मग धावण्याच्या चालीत लाइन सोडून आडवा धावत जाऊन पुढच्या माणसाला अडवणं, ज्याला पुल म्हणतात. पाय चपळ असलेल्या टॅकलला हे लवकर येतं. एनएफएलच्या वॉशिंग्टन संघाचा ब्रँडन शेर्फ आणि क्लीव्हलँडचा जोएल बिटोनियो, दोघेही कॉलेजचे लेफ्ट टॅकल, आत आल्यावर बहरले ते याच बळावर.

सेंटरचं गणित निराळं. एका हाताने चेंडू मागे द्यायचा आणि त्याच क्षणी थेट समोर उभ्या असलेल्या नोज टॅकलला, म्हणजे बचावफळीच्या मधल्या खेळाडूला, थोपवायचं. शिवाय समोरची मांडणी वाचून बाकीच्या चौघांना हाक द्यायची. म्हणून ‘हा सेंटर होईल’ असं कोणी म्हटलं की विचारा, याने सामन्यात कधी स्नॅप दिला आहे का?

उलट दिशेचा, आतून बाहेर जाण्याचा प्रवास फार अवघड. जो थुनी नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा लेफ्ट टॅकल होता, न्यू इंग्लंडने २०१६ मध्ये तिसऱ्या फेरीत घेऊन त्याला गार्ड केलं आणि तो त्या जागेचा मातब्बर झाला. २०२४च्या हंगामाच्या शेवटी चीफ्सने नाइलाजाने त्याला लेफ्ट टॅकलला उभं केलं. त्याने काम चालवलं, पण २०२५च्या फेब्रुवारीत सुपर बोलमध्ये ईगल्सच्या फळीपुढे चीफ्सची सगळीच लाइन कोलमडली, त्यांचा क्वार्टरबॅक मॅहोम्सला सहा वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच पाडलं गेलं, सामना ४०-२२ असा गेला. तरी सुरुवात आत आणि नंतर बाहेर असं ठरवून केलं तर ते जमतं. जोनाथन ऑग्डेन १९९६ मध्ये पहिल्या वर्षी लेफ्ट गार्ड खेळला, दुसऱ्या वर्षापासून लेफ्ट टॅकल, आणि पुढे हॉल ऑफ फेम.

सहावी पायरी : कॉलेजचा खेळ वजा करा

कॉलेजात पास फेकला जाण्याआधी लाइनमन तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे कॉलेजातल्या धाव-की-पास चालींत लाइनमन बिनधास्त पुढे धावतो, मागे सरकून अडवायचा सराव कमी होतो. चाल सुरू करताना चेंडू ज्यांच्या आत ठेवतात त्या हॅश रेषांत तिथे ४० फूट अंतर, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. कॉलेजात चेंडू वारंवार एका बाजूला असतो, मैदानाची एक बाजू रुंद आणि दुसरी अरुंद पडते. काही संघ तर त्यानुसार टॅकलची बाजूच बदलतात. मग पंच्याहत्तर पास-चाली दिसतात, पण त्यातल्या खऱ्या, चेंडू दोन-अडीच सेकंद हातात राहिलेल्या किती? तेवढ्याच मोजा. बाकीच्या सोडा.

तीन बोटं जमिनीवर टेकवून उभं राहण्याची सवय आहे का हेही पाहा. अनेकांना ती एनएफएलमध्ये येऊनच शिकावी लागते.

सातवी पायरी : संघाची गरज

खेळाडू चार्जर्सकडे गेला की टायटन्सकडे, यावर त्याची जागा ठरते. जो ऑल्ट नोटर डेमचा लेफ्ट टॅकल, २०२४च्या ड्राफ्टमध्ये ५वा. चार्जर्सकडे डावीकडे स्लेटर होता, म्हणून ऑल्ट उजवीकडे. २०२५च्या ऑगस्टमध्ये सरावात स्लेटर जखमी झाला आणि ऑल्ट परत डावीकडे गेला. त्याच्या हातात, पायात काहीही बदललं नव्हतं.

दोन नियमही लक्षात ठेवा. सामन्याच्या दिवशी संघाला ४८ खेळाडू उतरवता येतात ते त्यात आठ लाइनमन असतील तरच, नाहीतर ४७. म्हणजे पाच खेळणारे आणि तीन राखीव, आणि त्या तिघांनी पाच जागा सांभाळायच्या. तिसऱ्या फेरीनंतर घेतलेल्या लाइनमनकडून म्हणूनच दोन-तीन जागांची अपेक्षा असते. दुसरं, करार संपलेल्या खेळाडूला संघ एका वर्षासाठी ठरलेल्या रकमेवर राखू शकतो, तो फ्रँचायझी टॅग. त्याच्या रकमेसाठी पाचही जागा एकाच गटात मोजतात. शेर्फला २०२० आणि २०२१ असा सलग दोनदा टॅग लागला, गार्ड असून टॅकलच्या भावात. आत सरकल्याने पैसा कायमच कमी होतो असं नाही.

प्रशिक्षक कोण आहे हेही बघा. ईगल्सकडे जेफ स्टाउटलँड असताना सहाव्या फेरीतला जेसन केल्सी आणि रग्बी खेळत आलेला जॉर्डन मेलाटा घडले. न्यू इंग्लंडमध्ये दांते स्कार्नेकियाच्या हाताखाली स्टीफन नील गार्ड झाला, जो कॉलेजात फुटबॉल खेळलाच नव्हता. तो राष्ट्रीय विजेता कुस्तीगीर होता. आपल्याकडच्या कुस्तीप्रेमींना हे पटकन उमगेल : खाली राहणं, समोरच्याचा तोल हाताने वाचणं, कमरेतून जोर देणं. जेसन पीटर्स अर्कान्सासचा टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहून पासही झेलणारा) होता, जेआर स्वीझी डिफेन्सिव्ह टॅकल. असे बदल घडतात, पण ते वर्षं मागतात. तेव्हा ड्राफ्टच्या वर्षीच त्यांचा हिशेब मांडू नका.

आठवी पायरी : पुढे काय पाहायचं

अलाबामातल्या मोबाइल शहरात ड्राफ्टआधी सीनियर बोल हा कॉलेज खेळाडूंचा सामना होतो, त्याच्या सरावात टॅकलला गार्डला उभं करून एकास-एक लढवतात. हे नक्की पाहा, नव्या जागेतले पहिले दिवस असे उघड्यावर फार कमी दिसतात. ड्राफ्टनंतर मे महिन्यातल्या सरावाला किंमत देऊ नका, अंगावर पॅड नसतात. नियमित हंगामात पूर्ण पॅड घालून फक्त १४ सराव करता येतात, त्यामुळे नवी जागा शिकण्याचा खरा काळ ऑगस्टच. त्या महिन्यात एकाच खेळाडूला दोन जागांवर फिरवत असतील, तर संघाचं अजून ठरलेलं नाही असं समजा.

हंगाम सुरू झाला की पहिले सहा सामने एकच गोष्ट मोजा. तिसऱ्या डाउनला त्याच्या बाजूला टाइट एंड किंवा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) मदतीला पाठवतात का, आणि किती वेळा. पहिल्या आठवड्यात मदत असणारच. सहाव्यापर्यंत ती कमी होत आली तर जागा बसली. वाढत गेली तर पुढच्या एप्रिलमध्ये त्या जागेवर नवा लाइनमन घेतला जाण्याची शक्यता मोठी.